शेवटची सोळा पानं

प्रेमकथेच्या नायकाचं नाव गुंडेराव असू नये, हे मलाही कळतं. मी मराठीची शिक्षिका आहे. नायकाचं नाव कसं असावं यावर मी वर्गात एक अख्खा तास बोलू शकते, आणि बोलतेही. पण त्याचं नाव गुंडेराव होतं, अजूनही आहे, आणि आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत खळ लागलेली होती. चांदणं वगैरे नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी भांडायला गेले होते.

साल त्र्याहत्तर. गुलबर्ग्याहून बी. ए. होऊन मी बीदर जिल्ह्यातल्या औरादला, आमच्या गावी, परत आले होते आणि नोकरीच्या हुकमाची वाट बघत घरी बसले होते. वाट बघणाऱ्या माणसाला वाचायला लागतं. औरादमध्ये वाचायला म्हणजे बसस्टँडसमोरचं उद्धवरावांचं वाचनालय. वर पत्रे, आत दोन कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि बाहेर एक लांब बाकडं. एका कपाटात संत आणि सामाजिक कादंबऱ्या गुण्यागोविंदानं राहायच्या. दुसऱ्या कपाटात 'तमोहर कथामाला'.

या मालेबद्दल थोडं सांगायला हवं. लेखकाचं नाव 'अमावास्यासुत'. नायक प्रोफेसर तमोहर, भुताखेतांचे गुन्हे शोधून काढणारे. कशाचे प्रोफेसर, हे बारा पुस्तकांत कुठेही आलेलं नाही. पहिल्या पुस्तकात आंधळे जहागीरदार पत्र वाचून पांढरेफटक पडतात. दुसऱ्यात प्रोफेसर दोन्ही हातांनी पिस्तूल रोखतात आणि त्याच वाक्यात पाइप पेटवतात. पुढच्या एकात चौतिसाव्या पानावर कंदील विझतो आणि पस्तिसाव्या पानावर त्याच कंदिलाच्या उजेडात प्रेत दिसतं. भुतांचे पाय उलटे, पण बुटांचे ठसे सरळ. मी या चुका लिहायला एक वही केली होती. शंभर पानी. दुसऱ्या पुस्तकातच तिची बारा पानं भरली.

मग वाचायचीस कशाला, असं कुणीही विचारेल. आई रोज विचारायची. त्याचं उत्तर असं की, वाईट पुस्तक माणूस फेकून देतो. वाईट मालिका फेकता येत नाही, कारण पुढच्या पुस्तकात तरी हा माणूस सुधारेल अशी आशा असते. बायका नवऱ्यांच्या बाबतीत हेच करतात.

तिसऱ्या पुस्तकाचं नाव 'झपाटलेली गिरणी'. पीठ आपोआप पडतंय, पट्टा आपोआप फिरतोय, आणि एकशे बाराव्या पानावर प्रोफेसर म्हणतात, "सज्जनहो, खरा गुन्हेगार या खोलीतच आहे. तो म्हणजे —" आणि पुढं पुठ्ठा.

आधीची दोन्ही पुस्तकं एकशे अठ्ठावीस पानांची, पुरी होती. मी पुस्तक घेऊन तडक वाचनालयात गेले.

काउंटरमागं एक तरुण फाटक्या पुस्तकाला पाठ चिकटवत बसला होता. उद्धवरावांचा पुतण्या; आजवर काउंटरवर उद्धवरावच असायचे. मी पुस्तक त्याच्यापुढं आपटलं. "शेवटची सोळा पानं कुठं हाईत?"

"डब्यात हाईत, अक्का," तो म्हणाला.

आमच्याकडं दुकानात आलेली बाई सोळा वर्षांची असो की साठ, ती अक्का. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानं कोपरानं एक बिस्किटाचा डबा पुढं सरकवला. आत ब्लेडनं कापलेली, दोऱ्यानं बांधलेली पानांची पुडकी. मग त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं मान केली: 'रहस्यकथांचा शेवट इथेच बसून वाचावा. शेवट बाहेर नेणे मना आहे.'

"कामून?" मी विचारलं.

आतून उद्धवरावांचाच आवाज आला. "कामून म्हंजे? लोक पुस्तक घेऊन बसमधी बसत्यात अन् उदगीरला उतरत्यात. पुस्तक मंग तिथंच ऱ्हातंय. आता पुस्तक गेलं तरी शेवट माझ्यापाशी ऱ्हातो. शेवटासाठी माणूस कुठनं बी परत येतंय, पोरी."

बाहेरच्या बाकड्यावर तेव्हा चार पुरुष मांडीवर सोळा-सोळा पानं घेऊन बसले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दवाखान्यात बसावं तसे.

"मी कुठं बसू?" मी विचारलं.

बसस्टँडसमोर, बाकड्यावर, पुरुषांच्या रांगेत मास्तरांच्या पोरीनं बसायचं, हा प्रश्न आजवर आलाच नव्हता. रहस्यकथा नेणारी बाई मी पहिलीच. संतांची पानं कुणी कापत नसे. संतांचा शेवट सगळ्यांना माहीत असतो.

उद्धवरावांनी तोड काढली. "गुंड्या, तू सांग रे तिला शेवट. पानं वाचनालयाच्या भाईर जायाची न्हाईत. हितंच उभं ऱ्हाऊन ऐकू दे."

गुंडेरावानं हात पुसले, पुडकं सोडलं आणि मनातल्या मनात पहिलं पान वाचलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या वहीकडं. मी पेन्सिल सरसावून तयारच होते.

तो खाकरला. "मला पुस्तकी वाचता येत न्हाई, अक्का... सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. भूत नव्हतंच. गिरणीवाल्यानं स्वतःच भूत उठवलं होतं. गावात दुसरी, नवी गिरणी आली होती आणि ह्याच्याकडं कुणी फिरकत नव्हतं. भुताची गिरणी म्हटल्यावर पाच गावचे लोक दळण घेऊन बघायला यायला लागले. प्रोफेसरनी त्याला पकडलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेब, माणसं यायला लागली होती हो." प्रोफेसरनी त्याला सोडून दिलं, आणि जाताना स्वतःही पायलीभर ज्वारी दळून नेली.

मी पेन्सिल हातात धरून उभी. लिहायला काही नव्हतं.

"हे त्यानं लिहिलंय?" मी विचारलं. "आंधळ्याला पत्र वाचायला लावणाऱ्या माणसानं?"

"हितं लिहिलंय तसं सांगायलो," गुंडेराव पुडकं बांधत म्हणाला. गाठ त्याला दोनदा बांधावी लागली.

*

पुढचे दोन महिने असे गेले. दर आठवड्याला एक पुस्तक. एकशे बारा पानं मी दातओठ खात वाचायची, वहीत गुन्हे नोंदवायची, आणि मग काउंटरवर जाऊन शेवट ऐकायची. शेवट असा असायचा की आधीच्या चुका तिथं येऊन बसायच्या, पाहुणे ओळखीच्या घरात बसावेत तशा. विझलेल्या कंदिलाच्या उजेडात प्रेत दिसलं होतं ना? दुसरा कंदील होता. तो प्रेतानंच धरला होता, कारण ते प्रेत नव्हतंच. सासरहून पळून आलेली सून होती ती.

मला एकच कोडं पडायचं. एवढं वाईट लिहिणारा माणूस एवढे सुंदर शेवट कसे करतो? मी गुंडेरावाला विचारलं.

"असतंय एकेकाचं," तो म्हणाला. "सुरुवातीला भ्यायलेला असंल."

"कुणाला?"

"वाचणाऱ्याला..." तो म्हणाला, आणि एका पुस्तकाच्या पाठीवर नुसताच ब्रश फिरवत राहिला. ब्रशला खळ नव्हती.

आमचं बोलणं वाढलं. तो पी. यु. सी. झालेला होता, म्हणजे मॅट्रिकच्या पुढं, कन्नडमधून. घरी मराठी, बाजारात दख्खनी. पुस्तकं बांधता बांधता वाचायचा, त्यामुळं त्याचं सगळं वाचन मधल्या पानांचं. मी त्याला म्हणाले, "तुमाला कुठल्याच गोष्टीची सुरुवात ठाऊक नसंल."

"एका गोष्टीची हाय," तो म्हणाला. "एक बाई आली अन् तिनं पुस्तक आपटलं."

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. घरी येऊन बघितलं तर 'कंदील' असं तीनदा लिहिलं होतं.

मग अकरावं पुस्तक आलं, आणि माझा संयम सुटला. नाव: 'बीदरच्या किल्ल्यातील किंकाळी'. एवढ्या वर्षांत कुणीतरी आमच्या भागावर लिहिलं म्हणून मी हौसेनं उघडलं. पहिल्याच पानावर बीदरच्या किल्ल्याच्या तटावर समुद्राच्या लाटा धडकत होत्या.

बीदरला समुद्र. लाल मातीच्या माळावर, जिथं उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, तिथं या माणसानं समुद्र आणून ठेवला होता. पुढं कोळी होते. होड्या होत्या. चाळिसाव्या पानावर प्रोफेसर भरतीत सापडले.

हस्ताचा पाऊस धो धो पडत होता तरी मी छत्री घेऊन निघाले. बाकड्यावर कुणी नव्हतं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की मला काउंटरवर पुढं वाकून बोलावं लागलं.

"ह्यो माणूस कधी बीदरला आलाय का? निदान नकाशा तरी बघावा माणसानं. आता ह्या समुद्राचं काय करणार हाय तो? सांगा. ह्याला काय उत्तर हाय?"

गुंडेरावानं पुडकं सोडलं. त्यालाही पुढं वाकावं लागलं. खळीचा, ओल्या मातीचा आणि डांबरगोळ्यांचा असा एक वास आला. जगातल्या कुठल्याही अत्तराच्या यादीत तो नसेल.

"एक म्हातारी हाय," तो म्हणाला. "बीदरची. तिचा नवरा तरणा असताना मुंबईला गेला, बोटीवर कामाला. जाताना सांगून गेला, की समुद्राचा आवाज लई मोठा असतोय, तुला हितनं बी ऐकू येईल. तो काई परत आला न्हाई. ती रोज सांजंला बुरुजावर बसायची. अन् तिला ऐकू यायचा... रोज. गावातली माणसं म्हनायची, भूत हाय. ती ओरडायची न्हाई, हाक मारायची."

"आणि लाटा? होड्या?"

"सगळी गोष्ट तिची हाय. तिला जे दिसतंय ते. लेखकानं आधी सांगितलं न्हाई, कामून की मंग शेवट फुटला असता." तो थांबला. "प्रोफेसर तिच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी पाइप खिशात ठेवला. लई वेळ बसले. अन् मंग त्यांना बी ऐकू आला."

पत्र्यावरचा पाऊस ऐकत आम्ही तसेच वाकून उभे राहिलो. खरं सांगायचं तर त्या वेळी बीदरला समुद्र होता. औरादलाही होता.

एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. एवढं सगळं सांगताना त्यानं एकही पान उलटलं नव्हतं. पण मी पानांकडं बघत नव्हते.

मी छत्री उघडली. तो म्हणाला, "जपून जावा... पाय सरकायलाय."

घरी पोचेपर्यंत मी ते वाक्य चारदा मोजलं. त्यात 'अक्का' नव्हतं.

त्या आठवड्यात मी आणखी एक काम केलं. पुस्तकाच्या आत छापलं होतं, 'वाचकांनी अभिप्राय जरूर कळवावा'. मी पुण्याच्या पत्त्यावर चार पानी पत्र लिहिलं. बीदरच्या समुद्राबद्दल मी तुमच्यावर फार रागावले होते. पण शेवट ऐकल्यावर माफी मागते, असा शेवट लिहिणाऱ्याला सातशे चुका माफ. खाली शेवट थोडक्यात लिहून, मला तो कसा कळला तेही लिहिलं. माफी मागण्याची मला सवय नाही. म्हणून चार पानं लागली.

*

नोव्हेंबरात हुकूम आला. कागदावर छापलेलं 'म्हैसूर' शाईनं खोडून वर हातानं 'कर्नाटक' लिहिलेलं; राज्याचं नाव त्याच महिन्यात बदललं होतं. गुलबर्ग्याच्या एका हायस्कूलात मराठीची शिक्षिका, एक डिसेंबरला रुजू. आईनं देवापुढं साखर ठेवली. वडील, श्रीपतराव मास्तर, हुकूम तीनदा वाचून म्हणाले, "आता तरी ती भुताची पुस्तकं सोड. डोकं कुजतंय असलं वाचून."

मी वाचनालयात सांगायला गेले. गुंडेराव बाराव्या पुस्तकाची शेवटची पानं ब्लेडनं कापत होता.

"हुकूम आलाय. गुलबर्ग्याला. एक तारखेला जायचंय."

ब्लेड थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, अगदी सरळ रेषेत.

"बरं झालं, अक्का," तो म्हणाला.

अडीच अक्षरांचा शब्द. माझ्या वहीत लेखकाच्या सातशे चुका आहेत. त्यातल्या एकीनंही मला एवढं दुखवलं नव्हतं.

दोन दिवसांनी पोस्टमन भीमण्णा दारात आला. पत्र बंद पाकिटात असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण लेखक काटकसरी होता. त्यानं कार्ड पाठवलं होतं, आणि भीमण्णा कार्ड वाचूनच देत असे.

"पुण्याहून हाय," तो ओट्यावर बसून म्हणाला. समोरच्या भागाबाई निवडण टिपायचं सोडून पुढं झाल्या. "लिव्हलंय, 'बीदरला समुद्र नाही हे आपल्या पत्रावरूनच समजले. आभारी आहोत. पुढील आवृत्तीत नदी करू. परंतु आपण म्हणता तो शेवट आमचा नाही. आमच्या पुस्तकात कोणतीही म्हातारी नाही. तो शेवट ज्यांचा असेल त्यांना आमच्याशी पत्रव्यवहार करण्यास सांगावे. आम्हांस शेवटांची नेहमीच अडचण असते.'" भीमण्णानं कार्ड उलटसुलट करून बघितलं. "मंग म्हातारी कुणाची हो, बाई?"

भागाबाई म्हणाल्या, "बाई गं. आता?"

मी चपला घातल्या.

तो बाजाराचा दिवस होता. बसस्टँडवर मेथीच्या जुड्या, मिरच्यांची पोती, माणसंच माणसं. मी काउंटरवर गेले आणि म्हणाले, "डबा द्या."

गुंडेरावानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि डबा दिला. त्याला कळलं होतं.

मी डबा घेतला आणि बाकड्याकडं वळले. सहा पुरुष बसलेले. मी पुढं येऊन उभी राहिले. टोकाचे गृहस्थ पानांत तोंड खुपसून बसले होते. त्यांनी वर न बघता थोडं सरकून जागा केली. मी बसले. मग त्यांनी बघितलं, आणि मीही बघितलं. ते माझे वडील होते.

त्यांच्या मांडीवर पाचव्या पुस्तकाची सोळा पानं होती.

आम्ही दोघंही समोर बघत राहिलो. एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. शेवटी वडील हळूच म्हणाले, "घरगडीच असतोय, बघ. रामू."

"सगळ्यांत?"

"म्या आठ वाचले," ते म्हणाले.

मी डब्यातली, अकराव्या पुस्तकापर्यंतची पुडकी एकेक करून सोडली. वडील बरोबर होते. जहागीरदाराच्या वाड्यात रामू निघाला होता, ते मी स्वतःच वाचलं होतं. गिरणीत रामू. पहिल्या पानापासून जो चहा आणून देतो, दार उघडतो, कंदील धरतो आणि जिच्याकडं बघावं अशी ज्याची एकही ओळ नसते, तो रामू पांढरी चादर पांघरून भूत झालेला असतो. बीदरच्या किल्ल्यातही रामूच. शेवटचं वाक्य होतं, 'बुरुजाखाली समुद्र खदाखदा हसत होता.'

मी पुडकी बांधली आणि काउंटरवर नेऊन ठेवली. बाकड्यावर पानं उलटायचा आवाज बंद झाला होता.

"तुमी मला फसवलंत."

"व्हय," गुंडेराव म्हणाला.

"अकरा वेळा."

"नऊ. पयली दोन तुमी कपाटातली जुनी नेली. त्यांची पानं कापली नव्हती." तो चुकांच्या बाबतीत काटेकोर होता. माझ्या संगतीचा परिणाम.

"कामून?"

तो डब्याच्या झाकणाकडं बघत बोलला. "तिसऱ्याचा शेवट म्या वाचला. मंग तुमच्याकडं बघितलं. तुमी पेन्सिल धरून हुब्या. हे जर सांगितलं... तर ही बाई चौथं पुस्तक न्यायला येणार न्हाई, असं वाटलं."

"म्हून नऊ शेवट रचले?"

"नऊ आठवडे झाले की." मग तो म्हणाला, "दुसऱ्याच्या गोष्टीला शेवट लावायला भ्या वाटत न्हाई. चुकला तर वर लेखकाचं नाव असतंय."

"अन् ह्या गोष्टीचा?" मी विचारलं. "मी एक तारखेला जायलीय. तुमी 'बरं झालं, अक्का' म्हनून मोकळे झालाव. हाच शेवट हाय का?"

तो झाकणाची कड अंगठ्यानं दाबत राहिला. आतून उद्धवराव म्हणाले, "गुंड्या, बोल की." बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, "बोल की रे." माझे वडील खाकरले.

"सुचंना झालंय..." गुंडेराव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मी बारावं पुस्तक उचललं. रजिस्टरात सही केली. "हे मी गुलबर्ग्याला न्यायलीय."

"अन् परत कधी?" उद्धवरावांनी सवयीनं विचारलं.

"शेवट तुमच्यापाशीच हाय की, अप्पा," मी म्हणाले. "नियम तुमचाच हाय. पण ह्या वेळेला शेवटानं माणसाकडं यावं."

*

गुलबर्ग्याला मी राजूबाई मावशीकडं राहिले. शाळा बरी होती. मुलं बरी होती. मावशीनं माझ्यासाठी ट्रेझरीतला एक कारकून हेरून ठेवला होता. त्याला वाचनाची आवड नव्हती, म्हणजे माझ्याशी त्याचे वाद होणार नाहीत, असं तिचं म्हणणं. तो डिसेंबरच्या चौथ्या रविवारी बघायला येणार होता. मी नको म्हणाले नाही. नको म्हणायला हाताशी काहीतरी असावं लागतं. माझ्या हाताशी एकशे बारा पानं होती.

ती मी दोन रविवार वाचली. बारावं पुस्तक मालेतलं सगळ्यात वाईट होतं. प्रोफेसर तमोहर पाण्यात बुडून मरतात आणि पुढच्या प्रकरणात ओले न होता येतात. मी चुका लिहून घेतल्या नाहीत. एकशे बाराव्या पानावर ते म्हणतात, "सज्जनहो, तो म्हणजे —" आणि पुढं पुठ्ठा. मी त्या पुठ्ठ्याकडं बघत बसायची.

तिसऱ्या रविवारी सकाळी मावशीच्या ओट्यावर कुणीतरी चपला काढल्या. मी तुरीच्या शेंगा सोलत होते.

पांढरा सदरा, नीट भांग, बगलेत बिस्किटाचा डबा. औरादहून बीदर, बीदरहून गुलबर्गा, डबा मांडीवर घेऊन आला होता. सदऱ्यावर लाल धूळ होती, आणि हाताला खळ नव्हती. मला ते हात ओळखीचे वाटेनात.

"शेवट आणलाय," तो म्हणाला.

"बसा."

तो ओट्याच्या कडेवर बसला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मावशी कामसू बाई. ऐकायचं असलं की मात्र तिचं काम आपोआप संपायचं.

त्यानं डबा उघडला. पुडकं सोडलं. आणि सांगायला सुरुवात न करता ती सोळा पानं माझ्यापुढं धरली. आजवर वाचनालयाच्या आवाराबाहेर न गेलेली पानं.

"आज सांगत न्हाई," तो म्हणाला. "वाचा तुमी."

मी वाचली. पाच मिनिटं लागली.

"रामू," मी म्हणाले.

"व्हय."

"एवढ्या लांब हे द्यायला आलाव?" मला रडू येणार होतं, आणि ते एका घरगड्यापायी येणार होतं. "नऊ शेवट रचलेत. बुरुजावर म्हातारी बसवलीत. अन् माझ्यापाशी यायचं तर रामू?"

"ऐका की..." तो म्हणाला. त्यानं एक शेंग उचलली, सोलली, दाणे माझ्या सुपात टाकले. दुसरी उचलली. "म्या बी लई रचले. बसमधी सुद्धा दोन रचले. एकात बोट हाय. पण खोटं वाटाय लागलं. मंग डबा उघडून हे वाचलं, परत वाचलं... अन् पयल्यांदा त्या लेखकाचा राग आला न्हाई."

"कामून?"

"त्यो रामू पयल्या पानापासनं तिथंच हुबा असतोय. दार उघडतोय. कंदील धरतोय. सगळे प्रोफेसरकडं बघत्यात, भुताकडं बघत्यात. त्याच्याकडं कुणी बघत न्हाई. त्यो काई बोलत बी न्हाई. अन् सगळं केलेलं त्यानंच असतंय." शेंग त्याच्या हातात तशीच राहिली. "ह्यो शेवट खोटा न्हाई, शिवगंगा."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं. कुणी पुस्तकाला पाठ लावावी तसं, जपून, वाळेपर्यंत धरून ठेवल्यासारखं.

शेजारच्या अंगणात कुणीतरी तूर झोडपत होतं. मी सुपातले दाणे उगीच इकडून तिकडं केले.

"पुढल्या रविवारी एक कारकून मला बघायला यायलाय," मी म्हणाले.

"भीमण्णानं सांगितलं. तुमच्या मावशीचं कार्ड आलं होतं घरी." त्यानं हातातली शेंग सोलली. "म्हून ह्या रविवारी आलो. मास्तरनी तिकिटाला पैसे दिले, बस दाखवून दिली. म्हनले, जाऊन ये, पन लांबण लावू नको."

"वडिलांनी?"

"त्यांनी लई आधीच वळखलं होतं म्हने. आठ वाचलेत त्यांनी."

मला हसू आलं. ते दाबायचा मी प्रयत्न केला, पण कित्येक महिन्यांचं हसू होतं, दाबलं गेलं नाही. तो माझ्याकडं बघत होता. कापायच्या आधी पानाकडं बघतात तसा, अगदी सरळ.

"मला पयल्या पानालाच कळलं होतं," मी म्हणाले. "असल्या मालिकेत कळतंच."

"मंग वहीत लिहा. चूक नंबर काय असंल ती."

आतून मावशीचा आवाज आला. "चहा झालाय. कुणी घेऊन जातंय, का मीच येऊ?"

मी उठायच्या आत तो उठला. चौकटीखालून वाकून आत गेला. मावशी काहीतरी म्हणाली, तो म्हणाला, "व्हय, मावशी," आणि मग दोन्ही हातांत एकेक कपबशी धरून, पाय बघत बघत, एवढं जपून की जणू त्याच्या हातात किल्ल्याचे दोन बुरुज आहेत, तो बाहेर आला आणि माझ्यापुढं उभा राहिला.

मी वही आणली. नवीन पान काढलं. 'पुस्तक बारावे, शेवट' असं लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'तक्रार नाही'.

अर्धा चहा बशीत सांडला होता. तेवढी एक चूक मी लिहून घेतली नाही.